'येते' म्हणून गेली

सातेरी आईशी मी दहा महिने बोलत नव्हतो. हे वाक्य लिहिताना थोडं हसू येतं, पण ते खरं आहे. सातेरी आमची ग्रामदेवता. गाव सिंधुदुर्गात, आणि लालबागच्या आमच्या घरात तिचा एक फ्रेम केलेला फोटो आहे, त्यात ती हळदकुंकवाने आणि अबोलीच्या वळेसरांनी, म्हणजे गजऱ्यांनी, जवळजवळ झाकून गेलेली दिसते. रोज आंघोळ झाली की तिच्यापुढे उभं राहून दोन वाक्यं बोलायची, ही माझ्या वडिलांची पद्धत आणि त्यांच्यानंतर माझी. स्तोत्र नाही, श्लोक नाही. मुलीची परीक्षा आहे, लक्ष ठेव, आज रात्रपाळी आहे, घरी ही एकटी आहे, एवढंच. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये परळच्या एका डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या तपासण्यांचे कागद समोर ठेवून सांगितलं की सुनंदाची स्मृती हळूहळू जाणार, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. त्या दिवसानंतर मी फोटोसमोर उभा राहिलो नाही. भांडलोही नाही. बोलणं बंद केलं.

माझी तक्रार साधी होती. मी चौतीस वर्षं एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम केलं. कोणी काय केलं, का केलं आणि त्यातून काय झालं, हे जुळलं नाही तर बातमी पुढे सोडायची नाही, ही शिस्त हाडात मुरलेली. आणि इथे काहीच जुळत नव्हतं. सुनंदाने तीस वर्षं घरी ब्लाऊज शिवले, सासूचं दुखणं काढलं, आणि आमच्या चाळीतल्या भजनी मंडळात एक गुरुवार चुकवला नाही. चाळ पाडून टॉवर झाला, तरी मंडळ सोसायटीच्या हॉलमध्ये चालूच राहिलं. बाकीच्या बायका वही उघडून म्हणायच्या. सुनंदाला वही लागत नसे. कोणाला पुढचं कडवं आठवलं नाही की सगळ्या तिच्याकडे बघायच्या. आता ती पहिली ओळ खणखणीत उचलते आणि दुसरीपाशी थांबते. चेहऱ्यावर संकोच नसतो, दुःख नसतं. घरातून काहीतरी आणायला उठावं आणि काय आणायचं तेच विसरावं, तशी ती उभी असते. ज्या बाईने फक्त देवाचं पाठ केलं, तिच्याकडून नेमकं तेवढंच काढून घ्यायचं, याला मी अन्याय म्हणत होतो. आजही दुसरा शब्द सापडलेला नाही.

मंडळ दर वर्षी एक सहल काढतं. आजवर सगळ्या देवस्थानांच्या झाल्या. या वर्षी नलूताईंनी काश्मीर काढलं. नलूताई आमच्या मजल्यावर राहतात, वय बासष्ट, मंडळाच्या प्रमुख, आणि माझ्या माहितीत त्यांनी आजवर कोणाची परवानगी घेतलेली नाही. मी म्हटलं, भजनी मंडळ आणि काश्मीर, हे जरा विचित्र नाही का?

"अहो भावोजी," त्या म्हणाल्या, "देव सगळीकडे आसा. बर्फ खंय सगळीकडे आसा?"

सुनंदाला नेणं मला मान्य नव्हतं. नवी जागा, थंडी, गर्दी. डॉक्टरांनीही काळजी घ्या असं सांगितलं होतं. पण सुनंदा बर्फ म्हटल्यावर लहान मुलीसारखी ऐकत बसली होती. नलूताई म्हणाल्या, आम्ही अकरा जणी आहोत, एकीला सांभाळू शकत नाही काय? शेवटी मी स्वतः बरोबर जायचं ठरवलं. फेब्रुवारीत आम्ही श्रीनगरला पोहोचलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्गच्या एका दिवसाच्या सहलीला निघालो. तिथे डोंगरावर स्कीइंग चालतं. ते बघायचं, बर्फात बसायचं, संध्याकाळी परत.

आमची टूर मॅनेजर अर्चना ही गिरगावची, चाळिशीची, गळ्यात शिट्टी आणि हातात केशरी झेंडा. बसमध्ये तिने नियम सांगितले. कोणीही एकट्याने कुठे जायचं नाही. काही झालं तर झेंडा बघायचा, झेंडा दिसला नाही तर शिट्टी ऐकायची. बरोबर तीन वाजता जीपच्या तळावर यायचं, कारण हवामान बिघडलं तर खाली जायचा रस्ता बंद होतो. मला ती पद्धत आवडली. मी माझ्याकडूनही तयारी केली होती. एका जाड कागदावर सुनंदाचं नाव, तिचा आजार, हॉटेलचा पत्ता आणि माझा फोन नंबर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेला होता. टंगमर्गला बस थांबली. तिथे भाड्याने लांब कोट आणि गमबूट मिळतात. मी सुनंदाला राखाडी कोट चढवला, कागद आतल्या खिशात ठेवला, बटणं लावली आणि स्वतःचे बूट घालायला बाजूला बसलो. पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या जीपमधून आम्ही वर गेलो.

आम्ही वर पोहोचलो. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. साड्यांखाली लोकरीच्या विजारी, त्यावर पुरुषी कोट, डोक्याला मफलर, अशा अकरा बायका आणि समोर पांढरा उतार. उतारावरून माणसं तिरकी तिरकी खाली येत होती, जवळून गेली की फक्त सर्र असा आवाज. तळापासून उतार अर्धा-पाऊण मैल. तिथपर्यंत लाकडी ढकलगाड्यांसारख्या घसरगाड्या असतात, माणसं त्या दोरीने ओढतात. सुनंदाच्या वाट्याला आलेल्या माणसाचं नाव बशीर. पन्नाशीचा, दाढी पिकलेली, पायघोळ फेरन घातलेला, फार न बोलणारा. मी बाजूने चालत होतो. सुनंदा गाडीवर मांडी घालून बसली होती आणि मधूनमधून त्याला म्हणत होती, "भाऊ, जरा दम खाओ. बैठो थोडा." तो हसून मान हलवायचा.

उताराच्या पायथ्याशी आम्ही उतरलो. सुनंदाने त्याला हात जोडले आणि म्हणाली, "अच्छा भाऊ, आती हूँ."

"हाँ जी माँजी," तो म्हणाला.

मी तिला थांबवलं. "अगं, 'जाती हूँ' म्हणायचं. 'आती हूँ' म्हटलं की हिंदीत अर्थ उलटा होतो. त्याला वाटेल तू परत येणारेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "जाते असं म्हणतात का कधी?"

"मराठीत नाही म्हणत. हिंदीत म्हणतात."

"मग त्यांच्याकडे कोणी शिकवलं नाही," ती म्हणाली आणि पुढे निघाली. बायका हसल्या. बोलता बोलता माणसांना दुरुस्त करायची ही खोड मला पूर्वीपासून आहे, आणि एप्रिलनंतर ती वाढली होती. मंगळवार नव्हे, बुधवार. ती सुशी नव्हे, तिची मुलगी. आत्ताच विचारलंस. तिची प्रत्येक चूक मी लगेच सुधारत होतो, जणू सुधारत राहिलो तर आजाराला पुढे सरकता येणार नाही.

नलूताईंनी स्की पायात चढवण्याचा हट्ट धरला. शिकवणारा माणूस त्यांना सांगत होता, "आंटी, अकड़ के मत खड़े रहो, घुटना ढीला छोड़ो." त्या म्हणाल्या, "गुडघा ढिलाच आहे बाबा, डॉक्टरला विचार," आणि दोन पावलांत बसत्या झाल्या. "उठ गे नलू, नायतर हयच तुझी घुमटी बांधतील," कोणीतरी ओरडलं. सुनंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिला इतकं हसताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

मग त्या सगळ्या चटया टाकून बर्फात बसल्या आणि कोणीतरी पिशवीतून टाळ काढले. भजन सुरू झालं. उतारावरचे दोन-तीन जण थांबून बघू लागले. एक भजन संपल्यावर नलूताई म्हणाल्या, सुनंदा, तू उचल. तिने पहिली ओळ म्हटली. त्या थंड, कोरड्या हवेत तिचा आवाज किती स्वच्छ लागला ते मला सांगता येत नाही. आणि ती थांबली. बायकांनी पुढची ओळ लगेच धरली, तिला कळूही दिलं नाही. पण मला तिथे उभं राहवेना. चहा घेऊन येतो असं अर्चनाला सांगून मी टपऱ्यांकडे गेलो. खरं कारण एवढंच होतं की मला तिचा चेहरा बघायचा नव्हता.

मी सात-आठ मिनिटं दूर असेन. तेवढ्यात वारा आला. आधी डोंगराचं टोक दिसेनासं झालं, मग उतार, मग मी ज्या टपरीसमोर उभा होतो तिचा पत्राही. बर्फ वरून पडत होता की खालून उडत होता, कळत नव्हतं. शिट्टीच्या आवाजाच्या रोखाने मी परत आलो. अर्चना सगळ्यांना रांगेत उभं करून मोजत होती. सुनंदा नव्हती.

"ही कुठे आहे?"

नलूताईंचा चेहरा उतरला. "भावोजी, ती तुमच्यामागून आली ना? 'येते' म्हणून गेली. मला वाटलं तुमच्याकडेच गेली."

'येते' म्हणून गेली. आमच्याकडे उठून जाणारं माणूस हेच म्हणतं, आणि ऐकणारं माणूस 'बरं' म्हणतं. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. ती तोच शब्द म्हणून पांढऱ्यात चालत गेली होती आणि कुठल्या दिशेला, ते कोणी बघितलं नव्हतं.

अर्चनाने बायकांना तळाकडे पाठवलं आणि बचाव पथकातल्या एका माणसाला गाठलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, कोटाचा रंग कोणता. सकाळी मी चढवलेला कोटच डोळ्यांसमोर होता, मी म्हटलं, राखाडी. बायकांबरोबर न जाता मागे थांबलेल्या नलूताई ओरडल्या, "नाय ओ, तपकिरी! राखाडी खांद्यात चढत होता म्हणून तिने दुकानातच बदलून घेतला." तीस वर्षं माप घेणाऱ्या बाईने अंगावरचा कोट बसत नाही म्हणून बदलला, आणि तीन भाषांत लिहिलेला माझा कागद राखाडी कोटाच्या खिशात टंगमर्गच्या खुंटीला राहिला. ती कोण आहे, कोणाची आहे, हे सांगणारं आता तिच्याजवळ काही नव्हतं. विचारलं तर तिला स्वतःला सांगता येईलच, याची खात्री नव्हती.

त्यानंतरची चाळीसेक मिनिटं मला सलग आठवत नाहीत. मी हाका मारत होतो. हाक पाच पावलांपुढे जात नव्हती. एकदा मला वाटलं ती बसलेली आहे. तो बर्फाने झाकलेला खांबाचा खुंट होता. मग गुडघ्यापर्यंत पाय रुतला, मी पडलो आणि लगेच उठलो नाही. मी देवभोळा माणूस नाही, म्हणून जे झालं तेवढंच लिहितो. मी नवस बोललो नाही. तिला दे, मग अमुक करीन, असं काही मनात आलं नाही. खरं तर देण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते मालवणीत. कामाच्या ठिकाणी आणि पुढे मुलीशी बोलतानाही मी ती बोली बाजूला ठेवली होती. "आये, माका जमणा नाय. आता तूच बघ." एवढंच. आणि मला आठवतं, ते बोलल्यावर भीती गेली नाही, पण ओरडणं थांबलं. अर्चनाची शिट्टी ऐकू आली. मी तिच्या दिशेने चालू लागलो. अर्चनाने माझा दंड धरला आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही हरवलात तर मी कोणाकोणाला शोधू? तळावर चला. शोधणारे शोधतायत."

इतर वेळी मी वाद घातला असता. त्या दिवशी गेलो.

तळावर बायका जीपच्या आडोशाला उभ्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. किती वेळ, ते घड्याळ बघितलं नाही म्हणून सांगता येणार नाही. मग समोरच्या पांढऱ्यात एक ठिपका काळपट झाला, वाढला, त्याला दोरी फुटली, आणि बशीर घसरगाडी ओढत बाहेर आला. गाडीवर सुनंदा मांडी घालून बसली होती. अंगावर तपकिरी कोट, त्यावर त्याचं घोंगडं, आणि मांडीत ती निखाऱ्यांची छोटी टोपली, जी तिथली माणसं फेरनच्या आत ऊब म्हणून धरतात.

मी तिच्यापाशी पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, "अहो, कुठे होतात? किती वेळ झाला."

नलूताई रडायला लागल्या आणि रडता रडताच तिच्यावर खेकसल्या, "गे बाय, खंय गेलेलंस? आमका मारतलंस एक दिवस!"

"भाऊंकडे होते," सुनंदा म्हणाली. "यांच्याकडे शेकोटी आहे."

मी बशीरला विचारलं, कुठे सापडली. तो धापा टाकत होता. म्हणाला, वारा सुटल्यावर बाकीचे सगळे गाड्या घेऊन खाली निघून गेले. त्यालाही ते चल म्हणत होते. "मैंने बोला, मेरी सवारी बाकी है. माँजी बोल के गई हैं, आती हूँ. आएँगी और मैं नहीं मिला तो परेशान हो जाएँगी." म्हणून तो आम्हाला उतरवलं त्याच जागी गाडी धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याला ती दिसली. झाडांकडे चालली होती, जिथे पुढे ओढ्याचा उतार आहे. त्याने हाक मारली, माँजी, गाड़ी इधर है. ती वळली आणि आली. समोरचं दिसेपर्यंत त्याने तिला एका बंद टपरीच्या छपराखाली बसवून ठेवलं.

ती त्याच्याकडे परत येत होती की नुसती भरकटत होती, हे मला माहीत नाही. तो थांबला नसता तर दुसऱ्या कोणाला ती सापडली असती का, हेही माहीत नाही. मी दोन्ही गोष्टी इथे नोंदवतो आणि निकाल देत नाही.

पण एक गोष्ट मला सांगायची आहे, आणि त्यासाठीच हे लिहायला घेतलं. बशीरचं बोलणं संपल्यावर त्याला खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. की बाबा, तुझा गैरसमज झाला. आमच्यात निरोप घेताना तसं म्हणायची रीत आहे, त्याचा अर्थ परत येते असा नव्हता. माझं सगळं आयुष्य असल्या जागी खूण करण्यात गेलं. मी तोंड उघडलं, आणि त्याच्याकडे बघून मला वाटलं, माझ्या बायकोच्या शब्दाचा जो अर्थ या माणसाने लावला तोच बरोबर असेल. आमच्या आधीच्या माणसांनी 'जाते' हा शब्द उंबऱ्यावर टाळला तो याच आशेवर ना, की कोणीतरी तो शब्द खरा धरून वाट बघत राहील? आम्ही तो रोज वापरून गुळगुळीत केला. या परक्या माणसाने तो पहिल्यांदाच ऐकला आणि पाळला. मी काही बोललो नाही. त्याचे दोन्ही हात धरले. ते गारठून लाकडासारखे झाले होते, कारण त्याची ऊब त्याने सुनंदाच्या मांडीत ठेवली होती.

खाली जाणाऱ्या जीपमध्ये सुनंदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. नलूताईंनी टंगमर्गला राखाडी कोटाच्या खिशातून माझा कागद काढून आणला आणि माझ्या हातात दिला. मी तो घडी करून ठेवून दिला. पुढच्या दिवसांसाठी तो पुन्हा तिच्या खिशात घातला, हेही सांगायला हवं. देवावर भार टाकायचा म्हणजे आपलं काम सोडायचं असं मला वाटत नाही. आपलं काम कुठे संपतं ते ओळखायचं आणि तिथे ओरडणं बंद करायचं, इतपतच मला कळलं आहे.

मुंबईला परतल्यावर चमत्कार झाला नाही. डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीत आकडे आणखी खाली आले. गुलमर्गचं सुनंदाला काही आठवत नाही. बायका तिला गोष्ट सांगतात आणि ती दुसऱ्या कोणाची ऐकावी तशी ऐकते आणि म्हणते, बिचारी घाबरली असेल. तू होतीस ती, असं मी सांगत नाही. तिने सकाळपासून चौथ्यांदा आज वार कोणता विचारलं, तर चौथ्यांदा सांगतो, पहिल्यांदा सांगितल्यासारखा. पूर्वी मला वाटायचं की तिच्या चुका चालू दिल्या तर मी तिला सोडून दिल्यासारखं होईल. आता तसं वाटत नाही. सातेरी आईसमोर पुन्हा उभा राहतो. मागत फार काही नाही. त्या दिवशी तू बघितलंस, एवढं म्हणतो, कधी मोठ्याने, कधी मनात.

वर्षभर मला एका गोष्टीची धास्ती होती. ती कधी ना कधी होणार हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तो दिवस आला तर मी काय करीन याची मी कल्पनाही करत नव्हतो. गेल्या रविवारी सकाळी तो आला. सुनंदा खिडकीतल्या बाकावर बसून खालचा रस्ता बघत होती. मिरची कांडणाऱ्या गिरण्यांचा ठसका वर येत होता. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. तिने कप घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "तुम्ही कोण?"

मी उभ्यानेच म्हटलं, "इथलाच आहे."

तिने मान डोलावली. पदर सावरला, बाकावर एका बाजूला सरकली, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाली, "मग उभे का? बसा ना."

मी बसलो.